पीकॉम की लीकॉम? वय ३८, मुलगा सहा वर्षांचा, आणि मधे २३७ मैल

मिरजकरीण

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची. २००६ च्या सीईटीत एमबीबीएसची सीट थोडक्यात हुकली, फिजिओथेरपीला गेले, लग्न होऊन इकडे पेनसिल्व्हेनियात आले. एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणाऱ्या बायकोच्या व्हिसावर) काही वर्षं घरी बसले, मग डिग्रीची पडताळणी, एनपीटीईची (इथल्या फिजिओथेरपीच्या परवान्याची) परीक्षा, आणि आता सहा वर्षं एका रिहॅबमध्ये (पुनर्वसन केंद्रात) पीटी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, म्हणून काम करतेय. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख) २०१२ ची, ग्रीनकार्ड हातात पडलं ते गेल्या वर्षी. येईल तेव्हा येईल म्हणून आधीच कम्युनिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री उरकली होती. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दोनदा दिली. पहिल्या वेळचा स्कोअर कृपया विचारू नका.

तर या ऑगस्टसाठी दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळालाय, दोन्ही डीओची (ऑस्टिओपथिक डॉक्टरची डिग्री देणारी). एक फिलाडेल्फियातलं पीकॉम, १८९९ पासूनचं. आम्ही एक्स्टनला राहतो, तिथून पंचवीसेक मैल. दुसरं लीकॉम, ग्रीन्सबर्गच्या सेटन हिलमधलं. मूळ एरीचं कॉलेज १९९२ चं, ही शाखा २००९ ची. पीकॉमची ट्यूशन वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे जाते, लीकॉमची चाळिशीच्या घरात आहे. वर्षाला वीस हजारांचा फरक, चार वर्षांचे ऐंशी. एवढ्यात मिरजेला बरंच काही होतं.

पण ग्रीन्सबर्ग लांब. जानेवारीत आम्ही तिघं बघून आलो. टर्नपाइकला (टोलच्या हायवेला) एक्झिट ३१२ ला चढायचं आणि ७५ ला उतरायचं. एक्झिटचे नंबर मैलांचेच असल्यामुळे वजाबाकी केली की अंतर मिळतं, २३७. मधे चार बोगदे. मुलगा प्रत्येक बोगद्यात श्वास रोखून धरतो, अलेगेनीच्या बोगद्यात लाल होऊन हरला. त्याला एवढाच प्रश्न आहे की आई तिकडे राहायला गेली तर दर शनिवारी बोगदे मिळणार का.

अभ्यासाची पद्धतही वेगळी. ग्रीन्सबर्गला सगळा भर पीबीएलवर, म्हणजे केसवरून शिकण्यावर. सुरुवातीची अॅनाटॉमी आणि ओएमएमची (हाताने हाडं-स्नायूंवर उपचार करण्याची) लॅब असं सोडलं तर लेक्चर फारसं नाही. सात-आठ जण टेबलाभोवती बसतात, समोर एक पेशंटची केस येते, काय वाचायचं ते गटानेच ठरवायचं, फॅकल्टी बाजूला बसून ऐकणार. मी आयुष्यभर फळ्यावरचं उतरवून घेऊन पास झालेली बाई. ‘मॅडम, परत एकदा सांगता का’ ही माझी पद्धत. त्यात बाकीचे सगळे तेवीस-चोवीसचे.

नवरा म्हणतो, तुला हवं ते कर, मी सांभाळेन. हे वाक्य तो इतक्या शांतपणे म्हणतो की मला जास्त भीती वाटते.

पुढे पीएम अँड आर करायचंय, म्हणजे रिहॅबचंच, पण डॉक्टरच्या बाजूने. आईला फोनवर डीओ समजावलं तर म्हणाली, ‘एवढं शिकून हाडवैद होणार?’ तिला कोण सांगणार! डिपॉझिट १५ तारखेच्या आत भरायचंय आणि ते परत मिळत नाही. दोन्हीकडे भरायची ऐपत नाही. काय करू?

राउंडवर_आहे

ताई, आधी अभिनंदन. मी डीओ, इंटर्नल मेडिसिन. माझं कॉलेज मिडवेस्टमधलं, नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची तक्रारच करणार आहे.

आईंना सांगा की इंग्लंडमधला ऑस्टिओपाथ डॉक्टर नसतो, त्यामुळे त्यांचा गैरसमज अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या डीओला मात्र औषधं, शस्त्रक्रिया, सगळ्याचा पूर्ण परवाना. रेसिडेन्सीसुद्धा (डिग्रीनंतरचं स्पेशलायझेशनचं प्रशिक्षण) २०२० पासून एमडी-डीओंची एकाच मान्यतेखाली आहे.

कॉलेजच्या नावाला रेसिडेन्सीवाले तुम्हाला वाटतं तेवढं विचारत नाहीत. २०२२ पासून कॉमलेक्स लेव्हल वन आणि यूएसएमएलई स्टेप वन, या डॉक्टरीच्या परवान्याच्या दोन्ही परीक्षा नुसत्या पास-नापास झाल्या. आता सगळं वजन स्टेप टूवर आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रोटेशन्सवर (हॉस्पिटलांतल्या पाळीपाळीच्या कामावर). पीएम अँड आरमध्ये डीओ भरपूर आहेत, त्याची काळजी नको. शिवाय ओएमएमच्या लॅबमध्ये तुम्ही राज्य कराल. पहिल्या आठवड्यात पोरं एकमेकांच्या पाठीवर अंगठे ठेवून सेक्रम (माकडहाडाच्या वरचं हाड) शोधत असतात आणि चेहऱ्यावर भाव असा की रेडिओचं स्टेशन लागत नाहीये. तुम्ही रोज दहा पाठी बघता.

तेव्हा दोन्ही कॉलेजांना एकच प्रश्न लेखी विचारा. तिसऱ्या वर्षी मला कुठे पाठवणार, आणि ते कोण ठरवतं? आमच्याकडे मुलाखतीत एका शहराचं नाव सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर सोडत निघाली आणि मी तीन वेगवेगळ्या गावांत वर्ष काढलं, एकदा तर मोटेलमध्ये. मी एकटा होतो म्हणून निभावलं.

हिशेबनीस

ऐंशी हजार हा आकडा मनातून काढा, तो फसवा आहे.

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (एक सरकारी विद्यार्थी कर्ज) बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, त्यापुढे नाही. तुम्ही ऑगस्टला सुरू करणार, म्हणजे बरोब्बर या नियमात सापडलात. पीकॉमची नुसती फीच मर्यादेच्या वर जाते. वरचे बारा-पंधरा हजार दरवर्षी पगारातून किंवा खासगी कर्जातून. खासगी घेतलं तर कोसायनर (सोबत सही करणारा जामीनदार) लागेल, व्याज ते ठरवतील, आणि पीएसएलएफची (सार्वजनिक सेवेत काम केल्यावर मिळणारी) कर्जमाफी त्याला लागू नाही. हा पीकॉमचा खरा तोटा.

आता दुसरी बाजू. लीकॉमला फी भरून ५० मधले आठ-दहा हजार उरतात. ग्रीन्सबर्गला खोली घेतलीत तर भाडं, वीज, इंटरनेट, दुसरी गाडी आणि तिचा इन्शुरन्स, टर्नपाइकचा टोल (तो काही पुणे-मुंबईचा टोल नाही, दोन्ही वेळचा धरा). वर्षाला पंधरा हजार सहज गेले. एक्स्टनचं घर तर चालूच. माझ्या अंदाजाने वीसचा फरक पाचावर येतो. पाच हजारासाठी २३७ मैल, हे तुम्ही ठरवा.

कट्ट्यावरचा

चार वर्षं कॉलेज, चार वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे ४६. एवढा खटाटोप कशाला? पीटीचा पगार चांगला असतो की.

राउंडवर_आहे

@कट्ट्यावरचा, ४६ व्या वर्षी त्या पीटी राहिल्या तरी ४६ च्याच असणार आहेत. आणि हो ताई, लीकॉमचा तीन वर्षांचा कोर्स कुणी सुचवला तर तो प्रायमरी केअरसाठी (फॅमिली डॉक्टरसारख्या कामासाठी) आहे. तुम्हाला रिहॅबच करायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दोन_घरं

मी दोन वर्षं तशी राहिलेय. नर्सिंगची वरची डिग्री करायला, घर एका राज्यात, मी दुसऱ्या. मुलगी तेव्हा पाचची. सगळे म्हणत होते मुलांना सवय होते, आणि झालीही. मला कळलं ते असं, की मी शुक्रवारी रात्री घरी आले आणि तिला वरणभात कालवायला बसले, तर ती म्हणाली, ‘बाबा आधी तूप घालतो.’ मी आधी मीठ घालत होते. एवढंच. पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तिच्यावर काही परिणाम झालेला नाही, आता सोळाची आहे आणि मला फारसं विचारत नाही. नवऱ्याला मात्र स्पष्ट विचारा, ‘सांभाळेन’ म्हणजे काय काय. शाळेतून फोन आला की ऑफिसातून कोण निघणार? तापाच्या दिवशी कोण? आम्ही हे कागदावर लिहिलं नव्हतं. पीकॉमला गेलात तरी लिहा, कारण परीक्षेच्या आठवड्यात तुम्ही घरात असूनही नसाल. आणि स्कूकल एक्सप्रेसवेवर (लिहितात काहीही, म्हणतात स्कूकल) सकाळी सातला निघालात तर पंचवीस मैलांना सव्वा तास धरा.

पीबीएलची मात्र एवढी धास्ती घेऊ नका. ‘परत एकदा सांगता का’ म्हणणारी बाई गटात असली तर बाकीच्यांनाही कळतं की आपल्यालाही कळलेलं नव्हतं.

मिरजकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. कट्ट्यावरचा, तुमचेही.

काल रात्री मुलगा झोपल्यावर कागद घेऊन बसलो. दोन_घरं म्हणाल्या तसं नवऱ्याला ‘सांभाळेन’चे तुकडे करायला लावले. पहिल्या तीन ओळी त्याने झरझर लिहिल्या. चौथी होती ‘रात्री उठला तर’. तिथे पेन थांबलं, आणि तो म्हणाला, रात्री उठला की तो तुलाच हाक मारतो ना.

दोन्हीकडे रोटेशनचं लेखी विचारलंय. एका ठिकाणहून लगेच उत्तर आलं, यादी आणि सोडतीचे नियम जोडून. दुसरीकडून ‘तुमचा ईमेल मिळाला’ एवढंच. कुठून काय ते आत्ता सांगत नाही, शुक्रवारपर्यंत थांबते.

कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल. तरी पीबीएलचं डोक्यातून गेलेलं नाही. खरं सांगू, त्या दिवशी ग्रीन्सबर्गला केसमधल्या पेशंटला ‘फूट ड्रॉप’ (चालताना पाऊल वर उचलता न येणं) होता आणि सात जणांपैकी एकालाही त्याची चाल करून दाखवता येत नव्हती. मी पाहुणी म्हणून मागे बसले होते. उठून दाखवावंसं फार वाटत होतं.

हिशेबनीस, एक शंका. कोसायनर नवराच असणार, पण घराचं मॉर्गेज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि ऑगस्टपासून माझा पगार बंद. अशात खासगी कर्जवाले त्याची सही धरतील का, की आधी क्रेडिट युनियनमध्ये विचारून ठेवू?