मूळ गावी जाऊन आलेल्यांनो, लिहा

आम्ही चार पिढ्या नागपूरच्या महाल भागातले. तर्री पोह्याशिवाय रविवार उजाडत नाही, पण कोणी मूळ गाव विचारलं की गुहागर म्हणायचं, आणि गुहागर घरात एकानेही पाहिलेलं नाही. शेवटी यंदा आईला घेऊन निघालोच. मडगाव स्पेशलनं दुसऱ्या दिवशी चिपळूण, तिथून एसटी, घाटात आईला उलट्या, हातात कुलवृत्तांताची झेरॉक्स. आधी व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, मग घर शोधायला लागलो. घर कुठलं, जांभ्या चिऱ्याचं जोतं उरलंय फक्त आणि त्यावर कोणाच्या तरी सुपाऱ्या वाळत घातलेल्या. शेजारचे आजोबा गडग्यापलीकडून बघत राहिले, पाणीबिणी काही विचारलं नाही, पहिला प्रश्न, "सातबाऱ्यावर नाव लावायला आलात काय?" मी चाटच. मग कळलं की कूळकायद्यात 1957 ला जमीन त्यांच्याकडे आली, ती आमच्या पणजोबांची. मी म्हटलं आजोबा, आम्हाला एक फोटो काढू द्या, बस. तेव्हा कुठे चेहरा सैल झाला. मग आजी बाहेर आल्या, कोकम सरबत दिलं, आणि "नागपूरचे म्हणजे धाकट्या पातीचे" असं सांगून आमच्याच घराण्याच्या भांडणाचा सगळा इतिहास ऐकवला, जो आम्हाला घरी कोणी कधी सांगितला नव्हता. आईने संत्रा बर्फीचा डबा पुढे केला तर आजी म्हणे यात संत्रं कुठाय.

तुमचं कसं झालं ते लिहा ना, मोठं लिहिलं तरी चालेल.

जरीपटक्यातून
आमच्यात जाणं नाही होत भाऊ. आजी शिकारपूरची, सिंधमधली. फाळणीत आली तेव्हा नऊ वर्षांची. पाकिस्तानचा व्हिसा शहराशहराचा मिळतो, ज्या शहराचं नाव लिहिलंय तिथेच जायचं. पूर्वी राजस्थानातल्या मुनाबाववरून तिकडे जाणारी थार एक्सप्रेस होती 2006 पासून, 2019 ला तीही बंद झाली. मागच्या दिवाळीत एका सिंधी ग्रुपमधल्या तिकडच्या पोराने व्हिडिओ कॉलवर ढक बाजार फिरवला, वरून झाकलेला बाजार आहे तो, म्हणून ढक. तो दुकानं दाखवून राह्यला अन् आजी सारखी म्हणते, फोन खाली कर, फोन खाली कर. तिला जमीन पाहायची होती. नाली दिसली तशी म्हणाली, हां, इथेच माझी चप्पल पडली होती. मग लोणच्याच्या दुकानाशी नेटवर्क गेलं.

धरमपेठेतून
आमचे पूर्वज नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजेबरोबर देऊरहून आले असं घरात सांगतात, कागद काही नाही. समृद्धीवरून गाडी पळवत सिन्नरपर्यंत मजेत गेलो, पुढे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सगळी मजा गेली, मग सातारा, मग वाठार स्टेशनजवळचं देऊर. ग्रामपंचायतीत कोणी ओळखेना. चहाच्या टपरीवाला म्हणाला हेळव्याला विचारा की. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळ्या सांभाळणारे लोक, पूर्वी बैलावरून यायचे, हा बाईकवर आला. लाल कापडातली चोपडी, अक्षर मला काही लागेना, त्यानेच वाचून दाखवलं. आमच्या नावापाशी एवढंच, "वऱ्हाडाकडे गेला." पुढे जागा कोरी! सात-आठ पिढ्यांची नावं मी त्याला तिथेच टपरीवर बसून सांगितली. माझ्या दोन्ही पोरींची सांगितली तर म्हणे, मुलींची लिहीत नाही आपण. मी म्हटलं दक्षिणा डबल घे पण लिही. लिहिली त्याने, जरा बारीक अक्षरात.

पारडीतून
एवढं लांब कायले जायला लागते बाप्पा, आमचं गाव छत्तीसगडात राजनांदगावजवळ, ट्रेननं तीन-साडेतीन तासात पोचते माणूस, अन् तरी आई सहा वर्षांत गेली नाही. आजा इकडे बिल्डिंगच्या कामावर आला होता, ते इथेच राह्यले. दरवर्षी तीजाच्या सणाले मामा आईले माहेरी घ्यायला यायचा, त्याच्या पिशवीत ठेठरी-खुरमीचा खाऊ असायचा, आम्ही पोट्टे आधी पिशवीच तपासायचो. मामा गेला तर आता बोलवायला कोण येणार, म्हणून ती जातच नाही. भाऊ घ्यायला आल्याशिवाय माहेरी जायचं नसते म्हणते. मागच्या तीजाले आम्हीच मामीले इकडे आणलं.