अनुभव धागा : कोंबडी पाळली, कापली नाही

ओसरी (धागाकर्ती)

आमच्या मागच्या अंगणात आडव्या केलेल्या बादलीत शेवंती सहा दिवस ठाण मांडून आहे. शेवंती म्हणजे कोंबडी. बादलीत गोणपाट, गोणपाटावर ती आणि तिच्याखाली एक बटाटा. अंडी मी रोज काढून घेत होते, तर तिनं टोपलीतून घरंगळलेला बटाटाच पोटाखाली ओढला. हात नेला की फुगून दुप्पट होते, गुरगुरते, टोचते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते की पुन्हा बटाट्यावर.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या, तेव्हा कामाच्या मावशींनी इंदूरजवळच्या सांवेरकडच्या आपल्या गावाहून ही तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, आणून दिली. गावरान अंडी खाऊ घाला, ताकद येईल. सासूबाईंनी अंडं तोंडात घेतलं नाही (आम्ही लोकमान्य नगरातले शाकाहारी, बाकीचं समजून घ्या), कोंबडी मात्र ठेवून घेतली. आता दुपारी त्या तांदूळ निवडायला बसल्या की ही शेजारी हजर. खडे त्या काढतात आणि ते खडेच ही खाते. संध्याकाळी त्यांचं शुभंकरोति होईपर्यंत खुराड्यात गेलेली असते, कुणी हाकलावं लागत नाही. अंडी मावशी नेतात.

घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो : "कापणार कधी?" कुत्रं पाळणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. तेव्हा इंदूरकरांनो, आणि इंदूर सोडून गेलेल्यांनो, हौसेनं कोंबड्या पाळल्या असतील तर लिहा. खाण्यासाठी पाळल्या आणि मग खाववल्या नाहीत, त्यांनी तर लिहाच. आणि बटाट्याचं काय करू, तेही सांगा.

रामबागचा जुना

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर उन्हाळ्याच्या तोंडावर एक सायकलवाला यायचा. मागे जाळीची टोपली आणि त्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं. आम्हाला वाटायचं अशीच जन्मतात. खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी कळली. अंडी देणाऱ्या जातींच्या हॅचरीत नर पिल्लं कुणालाच नको असतात. ती अंडी देणार नाहीत आणि अंगानंही लवकर भरणार नाहीत. तीच रंगात बुडवून पोरांना विकायची.

मी आणि धाकट्या बहिणीनं दोन घेतली, एक गुलाबी, एक हिरवं. गुलाबी दुसऱ्या रात्री गेलं. हिरवं जगलं त्याचं श्रेय आजोबांना. त्यांना पिल्लाची काळजी अजिबात नव्हती, त्याच्या चिवचिवाटानं झोप लागेना म्हणून त्यांनी बुटांच्या खोक्यावर साठचा दिवा टांगून दिला आणि पिल्लू गप्प झालं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची, हे आता वाचलं. आईच्या पंखाखाली असते ती ऊब टोपलीत कुठून येणार? ती पिल्लं आमच्या हातून मरत होती ती भुकेनं नाही, गारठ्यानं.

पिसं आली तसा रंग उतरला आणि आतून पांढराशुभ्र कोंबडा निघाला. नाव हिरव्याच राहिलं. पाहुण्यांना सांगून सांगून थकलो. पहाटे चारला वाड्याच्या जिन्यावर आरवायचा. समोरचे जैन आजोबा त्यावर खूश, सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, उठायचं घड्याळ फुकटात मिळालं म्हणायचे. बाकी सगळे बिऱ्हाडकरू वडिलांशी बोलेनासे झाले.

एक दिवस शाळेतून आलो तर हिरव्या नव्हता. "दूधवाल्याबरोबर गावाला पाठवला, तिथं मोकळं रान आहे," वडील म्हणाले. आज मी बावन्न वर्षांचा आहे. वडील ऐंशीच्या पुढे, स्मरणशक्ती उत्तम. अजून विचारलेलं नाही.

पोहे_कमी_शेव_जास्त

धागा शाकाहारी आहे की कसं? आधी कळलं तर बरं, रेसिपी टाईप करून ठेवलीय.

ओसरी

शाकाहारी. कोंबडी सोडून बाकी सगळ्याच्या पाककृती चालतील. बटाट्याची द्या.

महूचा ढोरडॉक्टर

पशुवैद्यकाचं शिक्षण महूच्या कॉलेजात झालं, त्यामुळे राहवत नाही. ओसरीताई, तुमची कोंबडी खुडुक बसली आहे, म्हणजे तिला अंडी उबवायची आहेत. हा आजार नाही. दिवस मोठे व्हायला लागले, अंडी दिसली की हे होतं. अंडं आहे की बटाटा, गोलसर काही पोटाला लागलं की तिचं भागतं. एवढ्यात अंडी देणार नाही. खाणं-पाणी निम्म्यावर येतं, तुरा फिका पडतो, पोटाची पिसं गळून कातडं उघडं पडतं, तेही घाबरण्यासारखं नाही.

दोन वाटा आहेत. एक, खुडुक मोडायची. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खालून वारा लागून पोट गार पडलं की विसरते. गावात पाण्यात बुचकळतात, ते नका करू. दुसरी वाट, तिला फळलेली अंडी द्यायची. तुमच्याकडे कोंबडा नाही म्हणजे तुमची अंडी कामाची नाहीत, कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही पण पिल्लाला लागतो. (हा प्रश्न मला शिकलेसवरलेले लोकसुद्धा विचारतात, म्हणून लिहिलं.)

सगळ्यांनाच सांगतो, मानमोडीची लस टाळू नका. रानीखेत म्हणतात तीच. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. उपाय नाही, फक्त लस. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा थेंब, मग साधारण आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी की बाटली शंभर-दोनशे डोसांची येते आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार, म्हणून घरगुती पाळणारे सोडून देतात. तीन-चार घरं मिळून एकाच दिवशी करा.

तिसरा मजला, उजवीकडे

आमच्या सोसायटीत कुत्री चालतात, पोपट चालतो, एकाकडे कासव आहे. माझ्या गच्चीतल्या दोन कोंबड्या आणि एका कोंबड्यावर नोटीस आली. कोंबडी हा पाळीव प्राणी नसून खाद्यपदार्थ आहे, असं सेक्रेटरींचं लेखी मत आहे. फोटो काढून ठेवलाय.

तक्रार खरी तर कोंबड्याची होती. ती म्हण आहे ना, मी शब्दशः करून पाहिली. टोपलीखाली झाकलं, वर दोन ब्लँकेटं टाकली. साडेचारला ब्लँकेटांतून आरवला. त्याच्या अंगातच घड्याळ असतं. शेवटी मामांच्या शेतावर देपालपूरला नेऊन सोडला. रामबागचा जुना यांचा अनुभव वाचून सांगतो, खरंच शेतावर सोडला. महिन्याला व्हिडिओ येतो.

रेसिडेन्सीवाली

माझ्या चार होत्या तेव्हाची गोष्ट. २०२० चा डिसेंबर संपत आला होता आणि डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडायला लागले. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तपासणीत बर्ड फ्लू निघाला, एच५एन८. आधीच कोरोनानं घरात कोंडलेले, त्यात हे.

तेव्हा पहिल्यांदा नियम वाचले. पाळलेल्या कोंबड्यांत लागण सापडली की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या मारून पुरतात. फार्मवरच्या, खुराड्यातल्या, नाव ठेवलेल्या, सगळ्या. आमच्या भागात लागण कावळ्यांत होती म्हणून ती वेळ आली नाही, पण रोज सकाळी पेपर उघडताना पोटात गोळा यायचा. वरून कावळ्याची शीट पडू नये म्हणून चौघींना मागच्या न्हाणीघरात आणलं, खिडकीला मच्छरदाणी लावली. चाळीसेक दिवस. नवऱ्यानं न्हाणीघराच्या चपला वेगळ्या केल्या, दाणे घालून आला की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. हे तो माझ्यासाठी करत होता असं मला वाटायचं. एके रात्री बघितलं तर दाराबाहेर स्टूल टाकून बसलेला, आतल्या कुर्रकुर्रला इकडून उत्तर देत होता.

न्हाणीघरात राख आणि माती भरलेलं घमेलं ठेवलं होतं, त्यात लोळायच्या. कोंबडीची अंघोळ ती हीच, धुळीची. पिसवा-गोचिडांना त्यानंच आळा बसतो. घर दोन महिने राखेचं होतं. त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं नाही, बायकांना हात धुवायला कुठं पाठवणार?

बिचोलीकर

वाईट अनुभवही लिहावा म्हणून लिहितो. पाच होत्या, एका रात्रीत पाचही गेल्या. मुंगूस. खाल्ली एकच, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या. मी बाजारातली षटकोनी भोकांची कोंबडीजाळी लावली होती. ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये यासाठी असते, कुणी आत येऊ नये यासाठी नसते. आता अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावलीय, जमिनीत फूटभर पुरलेली. आतल्या कोंबड्या नव्या आहेत. जुन्या पाचांत एक कलेक्टर होती, तिला सगळ्या दाण्यापासून वाट द्यायच्या. नव्यांत कलेक्टर अजून ठरायचीय, रोज मारामाऱ्या.

तिसरा मजला, उजवीकडे

बिचोलीकर, वाचून वाईट वाटलं. विषयांतर करतो : कोंबड्या आल्यापासून आमचा ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा असतो. भाजीची देठं, कलिंगडाची सालं, उरलेले पोहे, सगळं फस्त. (शेव काढून द्या, मीठ फार.) महिनाभरानं कचरागाडीवाल्यानं विचारलं, "भैया, घर पे खाना नहीं बनता क्या?" या शहरात ओला कचरा न देणं जास्त संशयास्पद.

झाबुवा रिटर्न

बँकेत होतो, तीन वर्षं झाबुव्याला काढली. तिथल्या भिल-भिलाला घरांच्या अंगणात कडकनाथ बघितला आणि वेडा झालो. तुरा काळा, चोच काळी, जीभ काळी, सोललात तर मांस नि हाडंही काळपट. म्हणून तिकडे कालामासी म्हणतात. रंगद्रव्य अंगभर पसरण्याचा तो जन्मजात गुण आहे. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. २०१८ ला झाबुव्याच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, पुढे धोनीनं रांचीच्या शेतासाठी तिथूनच पिल्लं मागवली, आणि मग जो उठला तो कडकनाथवाला झाला.

खोटं कशाला बोलू, मी खाल्लाय. पण पाळलेल्यातला नाही. बदली झाली तेव्हा माझा कोंबडा आणि दोन कोंबड्या गाडीच्या मागच्या सीटवरून इंदूरला आल्या. बायको बसनं आली.

आता कामाचं. कडकनाथची कोंबडी अंडी देते आणि विसरते, उबवायला क्वचितच बसते. गावात लोक तिची अंडी गावठी खुडुक कोंबडीखालीच ठेवतात. ओसरीताई, तुमच्याकडे बसलेली आहे, माझ्याकडे अंडी आहेत. पाच देतो. बटाटा परत घ्या.

महूचा ढोरडॉक्टर

उत्तम. अंडी स्कूटरवरून नेलीत तर दिवसभर टोकाकडची बाजू खाली करून स्थिर ठेवा, मग बसवा. आणि रात्री बदला. कोंबडीला अंधारात दिसत नाही, भांडणार नाही.

ओसरी

उशिरा लिहितेय, २४ दिवसांनी.

रात्री दहाला टॉर्चवर रुमाल टाकून गेलो. मी बटाटा काढला आणि सासूबाईंनी एकेक अंडं सरकवलं. होय, सासूबाईंनी. ज्या हातांनी आयुष्यात अंडं उचललं नव्हतं त्यांनीच. "मला नाही टोचायची ती," म्हणाल्या, आणि नाही टोचली. मग हात धुतले, तुळशीचं पान खाल्लं, झोपल्या.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चपुढे अंडी धरून बघितली. चारांत लाल शिरांचं जाळं, एक नुसतंच पिवळं, ते काढलं. विसाव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी हाक मारली. बंद अंड्यातून चिवचिव येत होती आणि शेवंती बाहेरून हलकं हलकं कुकत होती. रात्रभर घरात कुणी धड झोपलं नाही. सकाळपर्यंत तीन बाहेर. चौथ्यानं टवका पाडला होता, पण आतच राहिलं. निळसर-काळी पिल्लं, पाठीवर गडद पट्टे, आणि तांबूस शेवंतीला त्यात काही विचित्र वाटत नाही. तिच्या पंखाखालून तीन काळी डोकी बाहेर आली की गल्लीतली पोरं ओरडतात.

लसीसाठी बिचोलीकर आणि तिसरा मजला यांच्याशी बोलणं झालंय, रविवारी बाटली फोडतोय, डॉक्टरसाहेब येणार आहेत. त्यांच्या मते दोन कोंबडे असावेत, पण इतक्यात सांगता येत नाही. झाबुवा रिटर्न, एक तरी परत घ्यावा लागेल, तयारी ठेवा.

काल शेजारच्या काकू बघायला आल्या आणि विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत असलं बोलू नये."

बटाटा त्यांनी फेकू दिला नाही. ओट्याखाली होता. त्याला कोंब फुटलेत.