चौदावा दिवस, गोड बातमी आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना २०१७ चं कालनिर्णय हाती लागलं. दर महिन्यात एका तारखेला लाल गोल. पाळीपासून मोजलेला चौदावा दिवस! आठ महिने हाच हिशोब धरून बसलो होतो. माझी पाळी मात्र ३४-३५ दिवसांची. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरबाईंनी त्याच कालनिर्णयावर पेनानं उलटं मोजून दाखवलं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे तुझा विसावा-एकविसावा दिवस. बीज जेमतेम दिवसभर जगतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, म्हणून आधीचे दिवस सोडू नका. मी तिथंच हसत हसत रडले. पोरगी आता दुसरीत आहे. तुमचं काय झालं होतं?

ऊनसावली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनळ्यांचा एक्स-रे (दुखतो बाई तो, कोणी सांगितलंच नव्हतं), सगळं माझंच. यांची तपासणी दीड वर्षानं! वीर्याच्या नमुन्याची एक डबी, आधी दोन-तीन दिवसांचा परहेज, बस्स. शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. हे हिंगण्याला एमआयडीसीत भट्टीवर असतात, सततच्या उष्णतेनंही काउंट कमी होऊ शकतो म्हणे. आणि उंबराला फेऱ्या मी मारून राहिली होती. शिट्टी झाली, येते.

तर्रीपोहे
डबीवरून आठवलं. मे महिना, मनीषनगरचं फाटक बंद. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, तोही अंगाच्या उबेत. बनियनमध्ये डबी, समोर मालगाडी. मोजले, छप्पन डबे. बाजूचा स्कूटरवाला म्हणे, भाऊ, इतका घाबरला काऊन? काय सांगू बे त्याला!

संत्राबर्फी
छप्पन डबे आणि एक डबी 😂😂

मानसी_३६
नावातच वय आहे. पाच महिने झाले. आई म्हणते वर्षभर वाट पाहा.

ऊनसावली
वर्षभर पस्तिशीच्या आतल्यांसाठी गं. पुढे सहा महिन्यांतच दाखवायचं. जाऊन ये, आणि नवऱ्यालाही सोबत ने, माझ्यासारखं करू नको. फोलिक ॲसिड सुरू केलंस का? ते दिवस राहायच्या आधीपासूनच घेतात.

महालची
आमच्या वाड्यातल्या एक काकू हळदीकुंकवाला वाण देता देता पोटाकडे बघायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत मनातल्या मनात ओरडले, काकूंना घेऊन जा गे मारबत!

शांता
आमचं नाही झालं. दोनदा आयव्हीएफ केलं, मग थांबलो. इथं सगळ्यांची पोरं दिसून राहिली म्हणून लिहिलं.

महालची
शांताताई, लिहिलंत ते बरं केलंत. थांबायचं कोणी ठरवलं, तुम्ही की त्यांनी?

शांता
मी. त्या दिवशी दोघांनी फुटाळा तलावावर कणसं खाल्ली. बरीच वर्षं झाली, पण ती कणसं आठवतात.

संत्राबर्फी
तर्रीभाऊ, लॅबवाल्यानं घेतली का मग डबी?

तर्रीपोहे
कुठली! सत्तर मिनिटं झाली होती. म्हणाला, परत आणा.