मदत हवी आहे: १९७२ची एमजीबी जीटी की टोयोटा जीटी८६?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये जुनी गाडी सांभाळणाऱ्यांचा सल्ला हवाय.

वीकेंडला मनापासून चालवायला एक गाडी घ्यायचीय. रोजच्यासाठी दुसरी आहे. गॅरेज नाही, गाडी बाराही महिने रस्त्यावरच उभी राहणार. वेल्डिंग मला येत नाही, बाकी पाना-स्क्रूड्रायव्हरची कामं घरी करतो.

दोन्ही चालवून पाहिल्या. जीटी८६ म्हणजे २०० अश्वशक्तीचं बॉक्सर इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वळणावर एकदम चोख. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि दोन एसयू कार्ब्युरेटर तिच्यापुढे संथच, पण ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) लागल्यावर गाडी जी निवांत धावते ते सुख वेगळंच. मन एमजीबीवरच बसलंय. सुटे भाग सहज मिळतात, चाळीस वर्षांवरची म्हणून रोड टॅक्स आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) माफ, लंडनचा युलेझ म्हणजे प्रदूषणाचा आकारही नाही. जास्त इथेनॉलचं ई१० टाळून कमी इथेनॉलचं ई५ पेट्रोल घालायचं, हेही ठाऊक आहे.

अडलंय ते गंजापाशी. एमजीबीचा सगळा भार सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर. या गाडीच्या सिलवर अंडरसीलचा (गंज रोखणाऱ्या काळ्या लेपाचा) ताजा, जाड थर आहे. चुंबक लावून पाहिलं, धरतंय, म्हणजे आत नुसती पुट्टी भरलेली नाही. पण कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवला असेल तरी ते धरणारच. मालक थर खरवडू देत नाही, लिफ्टवर घ्यायला तयार आहे.

तर लिफ्टवर नेमकं कुठे पाहिलं की मूळ सिल आणि वरून चढवलेला पत्रा यांतला फरक कळेल? आणि सिल चांगली निघाली, तरी इथल्या हिवाळ्यात, रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा, एमजीबी उघड्यावर टिकेल, की जीटी८६च घ्यावी?