केंद्रावरची पातळी तीच, पाणी मात्र वेगळं: आकडा वाचायचा कसा?

वल्हेकर (धागाकर्ता):
नदीच्या ज्या टप्प्यात कयाक घालायचे आहेत, त्याच्या १८ किमी वर पातळी मोजणारं केंद्र आहे. दर १५ मिनिटांचे आकडे मोबाइलवर दिसतात: पातळी मीटरमध्ये, विसर्ग घनमीटर प्रति सेकंद म्हणजे क्युमेकमध्ये. केंद्राच्या वर धरण आहे. केंद्र आणि आमचा टप्पा यांच्यामध्ये एक मोठा ओढा येऊन मिळतो. गट सहा जणांचा, त्यात दोघं नवखे.

अडचण अशी की पातळी २.४ मीटर असताना पाणी कधी निवांत असतं, तर कधी अंगावर येणारं. मग त्या २.४ ला धरून चालायचं कसं? ती खोली समजायची का? आणि 'याच्या वर उतरायचं नाही' अशी रेघ ओढायची तर कशाच्या आधारावर?

मोजपट्टी:
२.४ ही खोली नव्हे. पट्टीचा शून्य कुठे धरायचा हे केंद्र बसवताना ठरतं. पाणी आटलं तरी आकडा उणे जाऊ नये म्हणून तो बहुधा तळाच्याही खाली धरतात. त्यामुळे नदीची नुसती धार उरली असतानाही पट्टी ०.९ दाखवू शकते. दोन केंद्रांच्या पातळ्या शेजारी ठेवून तुलना करण्यात त्यामुळेच काही हशील नाही. तुलना करायची तर विसर्गाची.

विसर्गाची गंमत अशी की बहुतेक केंद्रांवर तो मोजलेला नसतो, काढलेला असतो. कमी पाण्यापासून पुरापर्यंत वेगवेगळ्या वेळी जाऊन वेगमापकाने प्रत्यक्ष विसर्ग मोजतात, पातळीसमोर मांडतात आणि त्या बिंदूंमधून वक्र काढतात. साइट फक्त पातळी घेते आणि वक्रावरून क्युमेक सांगते. मोठ्या पुरात केंद्रासमोरची वाळू वाहून गेली की पात्र खोल होतं, मग त्याच २.४ ला जास्त पाणी जातं. गाळ बसला की उलट. नवी मोजणी होऊन वक्र दुरुस्त होईपर्यंत साइट जुनाच हिशेब सांगत राहते. मोठा पूर येऊन गेल्यावर काही आठवडे त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये.

दुसरं कारण, पाणी चढतंय की ओसरतंय. चढत्या पाण्याच्या पृष्ठभागाला खालच्या दिशेने जास्त उतार असतो, म्हणून त्याच पातळीला वेगही जास्त आणि विसर्गही जास्त. मंद उताराच्या नदीत हा फरक चांगला जाणवतो. शिवाय चढतं पाणी काठावरचे ओंडके, फांद्या, कचरा उचलून आणतं.

तिसरं, केंद्राच्या खाली बंधारा किंवा मोठ्या नदीचा संगम असेल तर फुगवटा मागे सरकतो. पट्टीवर पाणी चढलेलं दिसतं, पण त्याला ओढ नसते. तुमचं 'निवांत २.४' यातलंच असू शकतं.

तेव्हा आधी आलेख बघा, मग आकडा. पातळी तासाला ५ सेंमी वर जात असेल आणि वरच्या भागात पाऊस चालू असेल, तर आत्ताचा आकडा कितीही सोयीचा असो, तो तुमच्या उतरण्याच्या वेळचा नाही.

डोहकाठ:
वरच्या प्रतिसादाला +१. त्यात वेळेचा हिशेब घालतो, कारण १८ किमी म्हणजे थोडंथोडकं अंतर नव्हे.

पुराचा लोंढा पाण्याच्या सरासरी वेगापेक्षा पुढे धावतो, नैसर्गिक पात्रात साधारण दीडपट. पाण्याचा वेग १.२ मी./से. असेल तर लोंढा १.८ ने येणार. १८,००० भागिले १.८ म्हणजे १०,००० सेकंद, पावणेतीन तास. सकाळी ७ ला केंद्रावर दिसलेली चढ पावणेदहाच्या सुमारास तुमच्या अंगावर. हा अंदाज आहे. वाटेत डोह आणि बंधारे असतील तर वेळ वाढते, पात्र अरुंद आणि उताराचं असेल तर घटते. मधल्या ओढ्याचं पाणी केंद्राला दिसतच नाही, त्याचा पाऊस वेगळा बघावा लागतो.

यावर उपाय एकच: स्वतःची खूण. उतरायच्या जागी पक्क्या खडकावर किंवा पुलाच्या खांबावर दर १० सेंमीला रेघा मारा. प्रत्येक खेपेला तीन गोष्टी टिपा: इथली पातळी, वेळ, आणि त्याआधी पावणेतीन तासांची केंद्राची पातळी. चढत्या आणि उतरत्या पाण्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. दहा-बारा नोंदी झाल्या की केंद्राचा आकडा तुमच्या जागेच्या भाषेत वाचता येतो. तुमची रेघ त्याच वहीतून निघेल, दुसऱ्याच्या अ‍ॅपमधून नाही.

वेग काढायला तरंगत्या वस्तूची रीत पुरे. सरळ, एकसारख्या पात्रात काठाने २० मीटर मोजा. जवळजवळ बुडून तरंगणारी वस्तू घ्या (अर्धी भरलेली बाटली चालते, रिकामी वाऱ्याने भरकटते). ती मोजणीच्या रेषेच्या थोडी वर सोडा, म्हणजे रेषेवर येईपर्यंत तिला पाण्याचा वेग लागलेला असतो. पाच वेळा वेगवेगळ्या धारेत सोडून सरासरी काढा. १२.५ सेकंद लागले तर पृष्ठाचा वेग १.६ मी./से. तळाशी पाणी हळू असतं म्हणून ०.८५ ने गुणा: १.३६. पात्र ३० मीटर रुंद, सरासरी खोली ०.९ मीटर असेल तर २७ चौ.मी. गुणिले १.३६, म्हणजे सुमारे ३७ क्युमेक. क्युसेक हवे असतील तर ३५.३ ने गुणा, साधारण १,३००.

पायी उतरून कयाक ओढायचा असेल तर खोली (मीटर) गुणिले वेग करा. ०.६ च्या वर गेलं तर नवख्याने पाऊल टाकू नये. मांडीएवढं, म्हणजे ०.६ मीटर पाणी १.३६ वेगाने वाहत असेल तर गुणाकार ०.८ होतो. दिसायला 'मांडीभरच तर आहे', पण पाय सुटतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे तिथे उभं राहिल्यावर आठवत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवावं.

खळाळ:
आकडे झाले, आता उतरल्यावरचं.

सर्वात फसवा प्रकार म्हणजे बुटका बंधारा. वरच्या अंगाने येताना पात्रभर एक गुळगुळीत आडवी रेघ दिसते, बाकी काही नाही. खाली पडलेलं पाणी तळाशी जातं आणि पृष्ठावरून उलटं बंधाऱ्याकडेच फिरतं. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा धारेखाली ओढला जातो. पाण्यात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटही तिथे पूर्ण उचलत नाही. पाणी वाढलं की पडण्याची उंची कमी दिसते आणि उलटा प्रवाह जास्त लांबवर पोचतो, त्यामुळे धोका वाढलेला असताना बंधारा सोपा वाटतो. काठाला कुठे लागायचं ती खूण आधी चालत जाऊन पक्की करा.

पडलेली झाडं दुसरी. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. लांबूनच बाजूला वल्हवा. टळत नसेल तर पालथं होऊन, डोकं पुढे ठेवून जोराने पोहत खोडावर अंग चढवा. पाय पुढे करून गेलात तर खाली खेचले जाल.

इतर वेळी उलटलात की उताणे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पृष्ठाजवळ. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचं नाही. पाऊल दगडांच्या खाचेत अडकतं आणि प्रवाह अंगाला पुढे आडवं पाडतो, डोकं पाण्याखाली.

जॅकेटचे सगळे पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. बेशुद्ध माणसाचा चेहरा ते वर फिरवत नाही. नवख्यांना हे सांगून ठेवा.

फेकदोरीची पिशवी १५ ते २० मीटरची, तरंगणाऱ्या दोरीची. टोक हातात, अंगाला कधीच बांधू नका. दोरी ताणली की पोहणारा तुमच्या काठाकडे झुलत येतो, म्हणून तो जिथे येऊन लागेल तिथे संथ पाणी आहे ना, ते बघूनच उभं राहा.

वल्हेकर:
वही सुरू करतो. एक शंका: कधीकधी आलेख सहा-सात तास अगदी सरळ आडवा असतो. तेव्हा पाणी स्थिर समजायचं का?

मोजपट्टी:
लगेच नाही. खरी नदी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलतच असते. काटेकोर सरळ रेघ म्हणजे बहुधा केंद्राच्या विहिरीत (काठावरची, जिच्यात पातळी मोजतात ती) नदीचं पाणी आणणारी नळी गाळाने चोंदली, किंवा नवीन आकडे येणं थांबून जुनाच दाखवला जातोय. शेवटच्या नोंदीची वेळ तपासा. धरणातून ठरलेला एकच विसर्ग सोडला जात असेल तर रेघ खरोखर बरीच सपाट येते, पण तिला बारीक दाते असतात.

यंत्र कोणतं तेही बघून ठेवा. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्रात तापमानाची दुरुस्ती नीट नसेल तर चूक येते: दर अंशाला सुमारे ०.१८ टक्के. यंत्र पाण्यापासून ५ मीटर वर असेल आणि दुपार १० अंशांनी तापली तर पातळी ९ सेंमी फसवते. रोज दुपारी तीच चढ, रात्री तीच उतार दिसली की हा संशय घ्यावा. पण दाबावर चालणारं किंवा रडारचं यंत्र असूनही रोज ठरावीक वेळी चढ येत असेल, तर धरणाच्या वीजनिर्मितीचं वेळापत्रक मिळवा. ती चढ खरी आहे.

डोहकाठ:
आणि दुपारच्या विश्रांतीला थांबलात की पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. पंधरा मिनिटांत काडी पाण्यात गेली, पाणी गढुळलं किंवा पाचोळा मधोमध वाहायला लागला, तर कयाक उचला आणि वर चढा. मोबाइलला रेंज आहे का ते नंतर बघा.