मदत हवी आहे: थंडरबर्ड एक, आवडी दोन

मंडळी, घरातला तंटा आहे. मी आणि बायको क्लासची मेल एकाच खात्यावरून, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधून पाठवतो. मला साधा मजकूर लागतो. म्युट या साध्या मजकुराच्या मेल प्रोग्राममध्ये व्हिम हा एडिटर लावून वर्षानुवर्षं लिहिलंय, बोटं अजूनही आपसूक 'कोलन डब्ल्यूक्यू' (व्हिममधली 'जतन करून बाहेर पड' ही आज्ञा) मारतात. तिला ठळक अक्षरं, तक्ते, फीच्या तारखा लाल रंगात. सेटिंगमधली एचटीएमएलची, म्हणजे सजवलेल्या मजकुराची, खूण मी काढतो, ती परत लावते. शिफ्ट दाबून नवी मेल उघडली की उलटा प्रकार येतो हे ठाऊक आहे, पण घाईत कोण दाबतं! परवा मी खूण काढून ठेवलेली, तिचा तक्ता सपाट होऊन पालकांना गेला. बोलणी अर्थात मी खाल्ली.

एकाच खात्यात दोन आयडेंटिटी (पाठवणाऱ्याची वेगळी ओळख आणि तिची वेगळी सेटिंग) करून दोघांना वेगवेगळा एडिटर ठेवलाय का कुणी? की सरळ दोन प्रोफाइल, म्हणजे थंडरबर्डचे दोन स्वतंत्र संच, करू?