मदत हवी आहे: गोवंडीतल्या एसी-फ्रिज दुरुस्तीच्या वर्गासाठी मुलांचं विद्यावेतन कुठून उभं करायचं?

नमस्कार मंडळी,

गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये आम्ही चौघं गेली पाच वर्षं एसी-फ्रिज दुरुस्तीचा वर्ग चालवतो. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायला लागणारा सीएसआर-१ चा नंबरही घेतलाय. म्हणजे कागदपत्रांवाचून अडलेलं नाही. अडलंय ते खर्चाच्या एकाच बाबीवर.

वर्ग चार महिन्यांचा. डिसेंबरात सुरू केला की मार्चअखेर मुलं तयार होतात आणि एप्रिल-मेच्या सीझनला चेंबूर-घाटकोपरचे दुकानदार स्वतः फोन करून मुलं मागतात. नोकरीची चिंता नाही. चिंता आहे ती अर्ध्यात सुटणाऱ्या मुलांची. मागच्या बॅचला २० जण बसले, १२ शेवटपर्यंत टिकले.

सुटलेल्यांपैकी एकाचं सांगते. वय १९, नववीत शाळा सुटलेली. तांब्याच्या नळीचा सांधा लाल व्हायला लागला की ज्योत नेमकी कधी मागे घ्यायची, हे कळायला बहुतेकांना तीन आठवडे जातात. याला चौथ्या दिवशी जमलं. सरांनी नळीत नायट्रोजनचा दाब देऊन सांधा बादलीत बुडवला, एक बुडबुडा आला नाही. आठव्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. घरी गेले तर वडील आजारी पडलेले आणि हा जरीच्या कारखान्यात बसायला लागलेला. म्हणाला, "मॅडम, तिथं रोजचे चारशे मिळतात. अजून दोन महिने घरी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्हाला दोन वर्षं एका कंपनीने सीएसआरमधून पैसे दिले. त्यातून व्हॅक्युम पंप आला, गेजचे सेट आले, शिकवणाऱ्यांचं मानधन निघालं. विद्यावेतन मागितलं तेव्हा "रोख वाटप आमच्यात बसत नाही" असं उत्तर मिळालं. भाडं आणि समन्वयकाचा पगार मागितला तर "५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही". तिसऱ्या वर्षी, बॅच मध्यावर आलेली असताना, प्राधान्यक्रम बदलल्याची एका ओळीची मेल आली. पुढचे दोन महिने आम्ही घरातले पैसे घालून काढले.

सरकारी वाटाही पाहिल्या. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेचं केंद्र व्हायला जागा, प्रयोगशाळा, बायोमेट्रिक हजेरी हे सगळं लागतं. आमच्याकडे दहा बाय पंधराच्या दोन खोल्या. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ६,००० रुपये मिळतात, पण त्याला किमान बारावी लागते. आमची मुलं आठवी-नववीची. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व हा महापालिका विभाग शहरात सगळ्यात खाली होता, मानव विकास निर्देशांक ०.०५ (कमाल १). तो आकडा मी प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिते. लोक वाचतात, हळहळतात, मशीनला पैसे देतात. त्या मशीनसमोर चार महिने बसायची ऐपत मुलाला कुठून यायची, हे मात्र कोणी विचारत नाही.

हिशोब मोठा नाही. २० मुलं, महिना ४,००० रुपये, चार महिने: ३ लाख २० हजार. सीएसआरमधून विद्यावेतन कोणाला मिळालंय का? प्रस्तावात ते कसं मांडलं? आणि ५ टक्क्यांचा नियम खरंच आम्हाला लागू होतो का?

प्रतिसाद १

मी काही वर्षं एका कंपनीच्या सीएसआर विभागात होतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात ते प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलंय. ते पान प्रस्तावाला जोडाच. भाडं आणि समन्वयक "प्रशासकीय" या सदरात टाकू नका, प्रशिक्षणाच्या थेट खर्चात दाखवा, कारण तो थेटच आहे.

विद्यावेतनाचंही तसंच. "आर्थिक मदत" हा शब्द आला की कंपनीची सीएसआर समिती बिचकते. "हजेरीशी जोडलेलं विद्यावेतन, थेट बँक खात्यात" असं लिहा आणि गळतीचा तुमचा आकडा शेजारी ठेवा. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरच्या विषयांच्या यादीत, रोजगारक्षम कौशल्यं आणि उपजीविका दोन्ही आहेत, त्यामुळे विषय बसतो. शिवाय एका वर्षाचा प्रस्ताव देऊच नका. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतचा "चालू प्रकल्प" कंपनीला मंजूर करता येतो. मग असं मध्येच सोडून देणं अवघड जातं.

प्रतिसाद २

ताई, आमचं सर्व्हिसचं दुकान आहे, सात माणसं. शिकाऊ उमेदवारीचं बघितलंत का? २०१९ च्या नियमांनंतर चार माणसांच्या दुकानालाही उमेदवार घेता येतो, आणि नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममधून विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना कमाल १,५०० रुपये, सरकार देतं. बाकीचे मालकाचे. नोंदणी ऑनलाइन असते, पहिल्या वेळी डोकं खाते, पण होते. शेवटचे दोन महिने मुलं दुकानात बसली तर तुमचा विद्यावेतनाचा बोजा निम्मा होईल.

शिवाय जन शिक्षण संस्थानला भेटा, केंद्र सरकारच्या मदतीवर कौशल्यं शिकवणारी संस्था आहे. पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईतच निघालं, त्याचंच हे आजचं नाव. शाळा सुटलेल्यांसाठीच आहे ते, बारावीची अट नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ५ टक्क्यांचं ऐकून आज रात्री झोप लागणार नाही. दोन वर्षं आम्ही समन्वयकाचा पगार उगाच लपवत होतो. परिपत्रक शोधून प्रस्ताव नव्याने लिहायला घेतलाय.

दुकानदार दादा, एक शंका आहे. हाताला सवय नसलेला मुलगा तिसऱ्या महिन्यात तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याला गॅस चार्जिंगला हात लावू द्याल, की नुसतं शिडी धरायला लावाल? आधी त्याला नेमकं काय यायला हवं ते सांगितलंत तर पहिल्या दोन महिन्यांचा क्रम त्याप्रमाणे बदलते. चेंबूर ते मुलुंड पट्ट्यात असा एखादा मुलगा घ्यायला तयार असलेलं आणखी कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बॅच १ डिसेंबरला सुरू होतेय.